लाल दिवा लागला की...

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळची भाजी फोडणीला टाकली आणि बैठकीतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, त्या डबीचा दिवा लाल झाला." आमच्या घरात हल्ली दूध नासलं तरी इतकी धावपळ होत नाही, जितकी त्या पांढऱ्या डबीचा दिवा लाल झाला की होते. मुलीची ऑनलाइन परीक्षा, यांचं ऑफिसचं काम, सासूबाईंचं कीर्तन, सगळं त्या एका डबीवर. मी गॅस बंद केला, डबीमागची ती पिवळी बारीक तार उपसली आणि तिचं टोक डोळ्यासमोर धरून पाहिलं, उजेड येतो की नाही ते.

नेमका त्याच वेळी केबलवाला मुलगा दारात आला. त्याने चप्पलही काढली नाही, तसाच आत येऊन माझ्या हातातली तार बाजूला केली. "काकू, डोळ्यासमोर नका धरू जी!"

"अरे, यात तर उजेडच नाही."

"आहे जी. दिसून नाही राहिला, एवढंच."

बी. ए. झालेल्या, मराठी वाङ्मय घेतलेल्या माझ्यासारखीला या एका वाक्याने दिवसभर पुरलं. उजेड आहे, पण दिसत नाही. एखाद्या संताने म्हटलं असतं तर आपण वहीत लिहून घेतलं असतं. हा मुलगा मात्र चौकातल्या खड्ड्यातून, गुडघ्याइतक्या चिखलातून उठून आला होता. नालीचं काम करणाऱ्या जेसीबीने तार तोडली होती म्हणे. आमच्या धंतोलीत हे नवीन नाही. दोन इमारती सोडून एक हॉस्पिटल, त्यात पार्किंगची मारामार, आणि जो रस्ता काल बुजवला तोच आज कोणीतरी खोदणार.

मैत्रिणींनो, त्या दिवसापर्यंत मीही तुमच्यासारखीच होते. बिल भरायचं, दिवा लाल झाला की फोन करायचा, आणि घरातल्या पुरुषमाणसाने "तुला नाही कळणार" म्हटलं की पोळ्या लाटायला लागायचं. यावेळी मात्र मी पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो याच क्षेत्रात इंजिनीअर आहे. म्हटलं, "हे बघ, मावशीला समजेल असं सांग, इंग्रजी झाडू नको." त्याने तासभर सांगितलं. पुढे मी थोडं वाचलंही. जे समजलं ते आपल्या भाषेत सांगते.

त्या पिवळ्या तारेच्या आत तांब्याचा कण नाही. आहे तो काचेचा धागा. बाहेरची आवरणं सोलली की उरतो तो सव्वाशे मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरचे आठ भाग केले तर त्यातला एक. आणि उजेड जातो तो त्याच्याही मधल्या गाभ्यातून, जो जेमतेम नऊ मायक्रॉनचा असतो. आपला केससुद्धा त्याच्यापुढे दोरखंड. काच इतकी शुद्ध की पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा उजेड शिल्लक राहतो. आपल्या खिडकीची काच पंधरा किलोमीटर जाडीची केली तर पलीकडे मिट्ट काळोख दिसेल.

आता एवढ्या बारीक भोकात उजेड घालायचा कसा? घरचा बल्ब चारी दिशांना उजेड सांडतो, त्याचा उपयोग नाही. तिथे लागतो लेझर. आणि हा लेझर म्हणजे सिनेमात खलनायक सोडतो तसली तोफ नव्हे. मिठाच्या खड्याएवढा एक स्फटिक. गॅलियम, इंडियम, आर्सेनिक, फॉस्फरस अशा मूलद्रव्यांचे अतिशय पातळ थर एकावर एक बसवून तो करतात, बाकरवडीच्या सारणासारखे, फक्त थर डोळ्याला न दिसण्याइतके पातळ. त्यातून वीज सोडली की मधल्या थरात उजेड निर्माण होतो, दोन टोकांच्या आरशासारख्या कडांमध्ये मागे-पुढे आपटत जोर धरतो आणि एका कडेने एका सरळ रेघेत बाहेर पडतो. वीज घालायची, उजेड काढायचा. याला सेमीकंडक्टर लेझर म्हणतात. आपल्या घरच्या त्या डबीतही असा एक आहे. म्हणजे डबी नुसती ऐकत नाही, बोलतेसुद्धा. तिचा उजेड १३१० नॅनोमीटरचा, कंपनीकडून येणारा १४९०चा. आपल्या डोळ्याची धाव साधारण सातशेपर्यंत. म्हणून दिसत नाही.

इथे मला खरी गंमत वाटली ती नंबर लावण्याची. एक तार आपल्या भागात येते आणि एका छोट्या पेटीत तिचे बत्तीस किंवा चौसष्ट घरांसाठी भाग होतात. वरून येणारा उजेड सगळ्यांकडे जातो, ज्याचा निरोप त्याने घ्यायचा. पण घरांकडून वर जाताना सगळी घरं एकदम बोलली तर कल्लाच. म्हणून वरचं यंत्र प्रत्येक डबीला वेळ ठरवून देतं: आता तू, आता ती, आता पलीकडची. सार्वजनिक नळावर गुंडांचे नंबर लागायचे ना, अगदी तसं. फरक एवढाच की इथे एका सेकंदात कितीतरी वेळा प्रत्येकीचा नंबर येतो आणि कुणी कुणाची झिंजी धरत नाही.

पण निरोप पाठवायचा म्हणजे काय करायचं? उजेड नुसता लावून ठेवला तर तो दिवा झाला, निरोप नाही. लहानपणी मामाच्या गावी आम्ही गच्चीवरून टॉर्च चालू-बंद करून समोरच्या वाड्यातल्या बहिणींना खुणा करायचो. तेच इथे. आहे-नाही, आहे-नाही. आपल्या घरच्या डबीतला लेझर असाच, वीज कमी-जास्त करून लुकलुकतो, एका सेकंदात अब्जाहून जास्त वेळा. पंधरा-वीस किलोमीटरसाठी एवढं पुरतं.

मुंबईहून नागपूर, किंवा समुद्राखालून युरोप गाठायचं असेल तर मात्र हे चालत नाही. घाईघाईने चालू-बंद केलं की लेझरचा रंग अगदी किंचित हलतो. काचेत वेगवेगळे रंग थोड्या वेगवेगळ्या वेगाने जातात, त्यामुळे लांब जाता जाता खुणा एकमेकींत मिसळतात. पावसात भिजलेल्या पत्रासारखं होतं, अक्षर अक्षरात पसरतं. मग काय करतात, तर लेझर शांतपणे सतत जळत ठेवायचा आणि त्याच्यापुढे एक वेगळा दरवान बसवायचा. कंदिलाची वात सारखी वर-खाली करण्यापेक्षा कंदिलापुढे सूप धरायचं आणि काढायचं. या दरवानाचं नाव मॉड्युलेटर.

हा मॉड्युलेटर करतात लिथियम नायोबेट नावाच्या स्फटिकाचा. उजेडाचे दोन भाग करून दोन वाटांनी सोडतात. स्फटिकाला वीज दिली की त्या वाटेवरचा उजेड अगदी अर्ध्या पावलाने मागे पडतो. पुढे दोघे पुन्हा भेटतात. पाऊल जुळलं तर उजेड, नाही जुळलं तर एकमेकांना पुसून टाकून काळोख. जात्यावर दोघी बसल्या आणि दोघींनी एका लयीत खुंटा ओढला तर जातं गरगर फिरतं. एकीने इकडे आणि दुसरीने तिकडे ओढलं तर जागच्या जागी अडतं. माझ्या आजेसासूबाईंना हे यंत्र मी चुटकीसरशी समजावलं असतं.

हे सगळं एका दिवसात आलं नाही. पहिला सेमीकंडक्टर लेझर १९६२ साली अमेरिकेत पेटला, पण त्याला द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांत बुडवून ठेवावं लागायचं आणि तरी तो मधूनमधूनच पेटायचा. खोलीतल्या साध्या हवेत सतत जळणारा यायला १९७० उजाडलं. तो रशियात आल्फेरॉव्ह यांच्या गटाने आणि अमेरिकेत बेल लॅब्समध्ये हायाशी आणि पॅनिश यांनी जवळपास एकाच सुमारास केला. आल्फेरॉव्ह यांना २००० सालचं नोबेल मिळालं. त्याच १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीने पुरेशी स्वच्छ काच ओढून दाखवली. काच शुद्ध केली तर हे जमेल असं १९६६ मध्येच सांगणाऱ्या चार्ल्स काव यांना नोबेल मिळायला मात्र २००९ उजाडलं. आपले नरिंदरसिंग कपानी, ज्यांनी १९५० च्या दशकात वाकड्या काचेतून चित्र पाठवून दाखवलं, त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२१ मध्ये, ते गेल्यावर.

आणि आपला महाराष्ट्र? देशात टेलिफोन एक्स्चेंज जोडणारी पहिली ऑप्टिकल फायबर व्यवस्था १९७९ मध्ये सुरू झाली ती पुण्यात. कार्बन डायऑक्साइडच्या लेझरचे जनक सी. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ सालचा, बारामतीचा, आणि इंजिनीअरिंग पुण्याच्या सीओईपीतलं. त्यांचा तो लेझर वायूचा, पण पुढे त्यांनी कंपनी काढली ती सेमीकंडक्टर लेझरचीच. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा-वाळूजला तर या काचेचे ठोकळे आणि धागे तयार होतात आणि परदेशातही जातात. मात्र त्या धाग्याच्या टोकाला बसणारा मिठाच्या खड्याएवढा स्फटिक आपण अजून बहुतांशी बाहेरूनच आणतो. भाचा म्हणाला, "मावशी, दोरा आपला, सुई त्यांची." मला ते लागलं.

आता डोळ्याचं. त्या मुलाने माझा हात धरला ते बरंच केलं. घरच्या डबीतला उजेड अगदी दुबळा असतो, त्याने काही होत नाही. पण चौकातल्या जाड केबलमधून जाणारा कितीतरी जास्त ताकदीचा असू शकतो, आणि तुटून पडलेली तार कुठली, हे आपल्याला कळत नाही. साधा प्रखर उजेड डोळ्यावर आला की पापणी आपोआप मिटते. हा दिसतच नाही, तर पापणी मिटणार कशी? म्हणून तुटकी तार मुलांना उचलू देऊ नका. दुसरं म्हणजे जोडणी करताना काचेचे बारीक तुकडे पडतात. बोटात गेला तर दिसत नाही, निघत नाही. आमच्या फाटकापाशी असे तुकडे तसेच टाकून गेलेले मी पाहिले आहेत, आणि तिथेच मुलं अनवाणी क्रिकेट खेळतात. त्या पोराला मी विचारलं, "तुला चष्मा, तुकडे टाकायला डबी, काही देतात का रे?" तो नुसता हसला. गणपतीच्या मिरवणुकीत लेझरचे झोत सोडल्याने पोरांच्या डोळ्यांचे पडदे भाजल्याच्या बातम्या पुण्या-कोल्हापुराकडून आल्या, तेव्हा आपण सगळ्याच हळहळलो. मग हा मुलगा रोज त्याच नावाच्या उजेडाशी काम करतो, त्याचं काय?

पण मला मुख्यतः वेगळंच सांगायचं आहे.

तो मुलगा त्या दिवशी फाटकापाशी पोतं अंथरून जोडणी करायला बसला. मी चहा घेऊन गेले आणि तिथेच उभी राहिले. त्याने तार सोलली, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, एका कटरने अगदी सरळ कापली, दुसरं टोकही तसंच केलं, आणि दोन्ही टोकं एका छोट्या यंत्रात समोरासमोर ठेवली. पडद्यावर दोन जाड खांब दिसले. यंत्राने ते आपणहून एका रेषेत आणले, क्षणभर विजेची ठिणगी पडली आणि दोन खांबांचा एक झाला. वर एक छोटी नळी सरकवून तापवली. झालं. मी म्हटलं, "अरे, हे तर आमचं काम आहे!" नऊवारीची किनार जोडणं, मण्यांची पोत ओवणं, पैठणीवर रफू करणं, आयुष्यभर आपण दुसरं काय करत आलो? कोरडे, न थरथरणारे हात, स्वच्छता आणि धीर. या कामाला हेच तीन गुण लागतात.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंची मुलगी आहे. उमरेडकडचं गाव. बारावी सायन्स, मार्क चांगले, पण पुढे पैशापायी अडलं. कौशल्य विकासाच्या यादीत 'ऑप्टिकल फायबर स्प्लायसर' नावाचा अभ्यासक्रम आहे, तो मी तिला सुचवला. ती हरखली. एका खासगी प्रशिक्षण केंद्रात आम्ही दोघी गेलो. तिथले गृहस्थ माझ्याशीच बोलत राहिले, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मॅडम, फील्डचं काम आहे. पोल आहे, खड्डा आहे, रात्री-बेरात्री जावं लागते. मुलींसाठी डेटा एन्ट्रीची बॅच आहे न!" मी म्हटलं, महावितरणमध्ये मुली विजेच्या खांबावर चढतात, एसटीत बायका तिकिटं फाडतात. ते म्हणाले, "ते सरकारी आहे." यावर मी काय बोलणार? बाहेर पडल्यावर मुलगी म्हणाली, "काकू, राहू द्या. त्यांना मी दिसलीच नाही." उजेड आहे, पण दिसून नाही राहिला. परत तेच.

बरं, घरचेही काही कमी नाहीत. आईचं म्हणणं, लग्न जुळवताना सांगायचं काय, मुलगी तारा जोडते म्हणून? मी त्यांना म्हटलं, ताई, तुम्ही स्वतः सतरा वर्षं रोजमजुरीला गेल्या, तेव्हा कोणाला काय सांगितलं होतं? त्या गप्प बसल्या, पण पटलं असं काही मला वाटत नाही. त्यांचीही भीती खोटी नाही. रात्री दहाला दुसऱ्या गावची तार तुटली तर तरुण मुलीने कोणाच्या गाडीवर जायचं, हा प्रश्न खराच आहे. त्यावर माझं उत्तर असं की रात्रीचं आणि खांबावरचं काम एकटीला देऊच नये, एकट्या मुलालाही देऊ नये. पण जोडणीचं बहुतेक काम दिवसाउजेडी, जमिनीवर, पोत्यावर बसून होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि काम नाही असं थोडंच आहे? प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची योजना २०११ मध्ये निघाली. २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. देशभरातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींचा हिशेब त्यात आहे. २०२३ मध्ये तिच्या पुढच्या टप्प्यासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. इतका पैसा, इतकी तार. आणि मी ज्या गावांत बैठकांना जाते, त्यातल्या काही ठिकाणी ती पेटी पंचायतीच्या कुलूपबंद खोलीत, धूळ खात, दिवा लाल. विचारलं तर, "तार तुटली आहे, तालुक्याहून माणूस येईल." कधी येईल? "येईल न." कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, याच गावांतल्या पोरी मोबाईलची रेंज शोधत पाण्याच्या टाकीवर चढत होत्या. पंचायतीच्या खोलीपर्यंत काचेतून उजेड आला होता, आणि पोरी टाकीवर.

त्या गावातच जोडणी जाणणाऱ्या दोन मुली असत्या तर? यंत्र महाग आहे, मान्य. साधं घ्यायचं तरी नव्या स्कूटीइतकी किंमत, चांगल्या कंपनीचं तर कितीतरी जास्त. पण दहा गावांत मिळून एक घेता येईल. बचत गटांना शिलाई मशीन देतात, पापडाचं यंत्र देतात, पिठाची गिरणी देतात. कोणी कधी हे का देत नाही? माझं ठाम मत आहे की द्यायला हवं, आणि पंचायतीतली ती पेटी सांभाळायचं कामही मोबदल्यासकट गटाकडे द्यायला हवं. खोदणाऱ्यांचं म्हणाल, तर त्यांनाही जाब विचारायला हवा. खोदण्याआधी खाली कोणाची तार आहे ते कळवायला २०२३ पासून केंद्र सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आहे. आमच्या चौकातल्या जेसीबीवाल्याला मी ते नाव सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, मला ठेकेदारानं सांगितलं, इथून खोद. मी खोदलं." त्याचंही बरोबर.

तर सांगायचं म्हणजे, केबलवाल्या मुलालाच मी गळ घातली. तो तयार झाला. एका रविवारी ती मुलगी उमरेडहून सकाळच्या बसने आली. आमच्या अंगणात पोतं अंथरलं, वाया गेलेल्या तारेचे तुकडे घेतले. चष्मा मी विकत आणला होता, दोघांसाठी. काचेचे तुकडे टाकायला लोणच्याची जुनी बरणी ठेवली. पहिल्या चार जोडण्या फुकट गेल्या. कापच तिरपा येत होता. पाचवी लागली. पडद्यावर आकडा आला ०.०२. हा आकडा जितका शून्याच्या जवळ, तितका उजेड कमी सांडतो. तो मुलगा आकड्याकडे पाहत राहिला. "मला हे जमायला आठ दिवस लागले होते," म्हणाला. ती काही बोलली नाही. तिने सहावी तार उचलली.

संध्याकाळच्या बसने ती परत गेली. तिच्या आईचा रात्री फोन आला. पोहोचली का, जेवली का, एवढं झाल्यावर हळूच विचारलं, "बाई, ते खांबावर चढायचं नसते न त्यात?" मी म्हटलं, नेहमी नसतं. त्या "बरं" म्हणाल्या आणि ठेवला.

आता मी आमच्या गटांमधून अशा मुलींची नावं गोळा करते आहे. अकरा झाली आहेत. नावं घेऊन कुठल्या दारात जायचं ते बघते आहे. तुमच्या गावात ग्रामसभेआधी महिला सभा होते. होत नसेल तर व्हायला हवी, तसा नियमच आहे. पुढच्या सभेत एवढंच विचारा: पंचायतीतली ती पेटी कुठे आहे, तिचा दिवा कुठल्या रंगाचा आहे, आणि त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते.